सहा तारांचा साधक

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत पाऊस ओसरून भाताची कापणी आटोपली, की गावोगावच्या संध्याकाळी वाद्यांच्या नादाने भरून जातात. उल्हास नदीच्या काठी एखाद्या देवळात भजनाला रंग चढतो. पखवाज घुमू लागतो, टाळ निनादतात आणि एखादा वृद्ध वारकरी एकतारीवर सूर धरून बसतो. डोंगराच्या कुशीतील ठाकरवाड्यांत ढोलकीच्या तालावर नाचाचा फेर धरला जातो. ही वाद्ये साधी आणि ती वाजविणारी माणसेही साधी. त्यांच्यावाचून गावाचा सण पुरा होत नाही. तरीही एकतारी घेऊन कोणी भव्य सभागृहात एकटाच बसेल आणि दोन हजार श्रोते श्वास रोखून त्याला ऐकत राहतील, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी स्पेन देशात गिटार या वाद्याची स्थिती बरीचशी अशीच होती. लाकडाची पोकळ पेटी, लांब मान, मानेवर बसविलेल्या धातूच्या पट्ट्या आणि सहा तारा, असे हे वाद्य. न्हाव्याच्या दुकानात, खानावळीत, जत्रेत आणि लग्नसमारंभात ते हटकून ऐकू येई. गाण्याला आणि नृत्याला त्याची साथ असे. परंतु पियानो व व्हायोलिन यांच्या पंक्तीला ते बसावे, असे विद्वान मंडळींना वाटत नसे. संगीताच्या मोठ्या विद्यालयांतून त्याला क्वचितच स्थान होते. त्या वाद्याला जगातील थोर सभागृहांत मानाचे आसन मिळवून देण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव आंद्रेस सेगोव्हिया.

आंद्रेसचा जन्म २१ फेब्रुवारी १८९३ रोजी दक्षिण स्पेनमधील लिनारेस या गावी झाला. हे गाव आंदालुसिया नावाच्या प्रांतात, सिएरा मोरेना या डोंगररांगेच्या परिसरात आहे. त्या भागात शिशाच्या खाणी होत्या व खाणीत राबणाऱ्या कष्टकऱ्यांची तेथे वस्ती होती. घरची परिस्थिती बेताचीच असल्यामुळे अगदी लहान वयातच आंद्रेसला एदुआर्दो व मारिया या नातलग पतिपत्नींच्या स्वाधीन करण्यात आले. आईपासून दूर झालेले ते मूल रडून रडून घर डोक्यावर घेई. तेव्हा एदुआर्दो त्याच्यासमोर बसे, एखादे गमतीदार गाणे गुणगुणे आणि हातात गिटार असल्याचा आव आणून ती छेडण्याचा अभिनय करी. मूल रडायचे थांबे आणि त्या हाताच्या तालाकडे टक लावून पाही. ज्या वाद्याशी पुढे जन्माचे नाते जडावयाचे होते, त्याची पहिली ओळख अशी झाली. वाद्य हाती नव्हतेच; होता तो केवळ त्याचा ताल.

मुलाला संगीताची ओढ आहे, हे ओळखून एदुआर्दोने त्याला गावातील एका व्हायोलिन शिक्षकाकडे पाठविले. परंतु हा शिक्षक तापट होता. चूक झाली की तो मुलाला चिमटे काढी. बिचाऱ्या आंद्रेसचे चित्त सुरांवर राहण्याऐवजी चिमट्यांच्या भीतीनेच व्यापून जाई. हे ध्यानी येताच एदुआर्दोने ते शिक्षण बंद केले. पुढे त्या गावी एक फिरता गिटारवादक आला. लोकसंगीताच्या पद्धतीने तो गिटार छेडी. त्याच्या बोटांतून उसळणारा तो नाद ऐकून मूल प्रथम भांबावले. पण मग त्याने त्या वादकाची पाठ सोडली नाही. त्या वादकापाशी शिकविण्याजोगे फार नव्हते. जे होते, ते आंद्रेसने थोड्याच दिवसांत आत्मसात केले.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी त्याला ग्रानादा या शहरी नेण्यात आले. या शहरातील टेकडीवर अल्हंब्रा नावाचा जुना व अतिशय देखणा राजवाडा आहे. तेथील बागा, कारंजी व शांत प्रांगणे या मुलाच्या मनात कायमची ठसली. याच शहरात बेनितो फेरेर नावाच्या कारागिराने घडविलेली गिटार त्याच्या हाती आली. आता त्याला शाळेच्या पुस्तकांपेक्षा गिटारच अधिक प्रिय वाटू लागली.

घरच्या माणसांना मात्र हे रुचले नाही. मुलाने चांगला अभ्यास करावा, एखादा प्रतिष्ठित व्यवसाय धरावा, असे त्यांना वाटे. संगीतच शिकावयाचे, तर व्हायोलिन किंवा पियानो शिकावा. खानावळीतील वाद्य घेऊन काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे चुकत होते असेही म्हणता येणार नाही, कारण त्या काळी केवळ गिटारवर उदरनिर्वाह करणे सोपे नव्हते. परंतु आंद्रेसने माघार घेतली नाही. तो चोरून सराव करू लागला. गिटारची वाट दाखविणारा गुरू जवळ नव्हता. म्हणून तोच स्वतःचा गुरू झाला आणि तोच स्वतःचा शिष्य झाला. स्वरलेखन वाचावयास तो आपले आपण शिकला. जुन्या रचनांचे कागद मिळतील तेथून तो मिळवी आणि एकेक ओळ बोटांखाली बसवी. कोणते बोट कोठे ठेवले असता सूर स्वच्छ उमटतो, तार नखाने छेडली असता नाद कसा येतो आणि बोटाच्या मांसल भागाने छेडली असता कसा येतो, याचा तो तासन् तास शोध घेई.

या शोधात त्याला एक गोष्ट कळून आली. गिटार हे मुळातच हलके वाद्य आहे, हा समज खोटा होता. सुमारे शंभर वर्षांपूर्वी फेर्नांदो सोर नावाच्या स्पॅनिश कलावंताने गिटारसाठी सुंदर रचना केल्या होत्या व युरोपातील नगरांतून त्या वाजविल्या होत्या. नंतरच्या काळात फ्रान्सिस्को तारेगा या थोर वादकाने वादनाची पद्धतच सुधारली होती. तारेगाचे दर्शन घ्यावे, अशी तरुण आंद्रेसची फार इच्छा होती. परंतु १९०९ च्या डिसेंबरात तारेगाचे निधन झाले आणि ती इच्छा अपुरीच राहिली.

त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, सेगोव्हिया यांनी ग्रानादा येथे आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यानंतर कॉर्दोबा, सेव्हिल अशा नगरांतून वादन करीत करीत ते स्पेनची राजधानी माद्रिद येथे जाण्यास सिद्ध झाले. मात्र राजधानीतील श्रोत्यांसमोर वाजविण्याजोगी उत्तम गिटार त्यांच्यापाशी नव्हती आणि ती विकत घेण्याइतके द्रव्यही नव्हते.

माद्रिदमध्ये मान्युएल रामिरेझ नावाचा नामांकित वाद्यकार होता. तरुण सेगोव्हिया त्याच्या कारखान्यात गेले. पियानोवादकांना कार्यक्रमापुरता पियानो भाड्याने मिळतो, तशी एक गिटार मला कार्यक्रमापुरती भाड्याने द्यावी, अशी विनंती त्यांनी केली. ही मागणी ऐकून रामिरेझला हसू आले. पण त्याने आपली एक उत्कृष्ट गिटार आणून त्यांच्या हाती दिली. सेगोव्हिया वाजवू लागले आणि कारखान्यातील कारागिरांचे हात थांबले. तेथे व्हायोलिनचा एक नाणावलेला अध्यापक उपस्थित होता. त्यानेही वादनाची प्रशंसा केली, मात्र असा गुणी तरुण व्हायोलिन सोडून गिटारच्या मागे लागावा, याची त्याला हळहळ वाटली. रामिरेझला तशी हळहळ वाटली नाही. त्याने ती गिटार त्या तरुणाला कायमची देऊन टाकली आणि मोबदल्यादाखल पैसा मागितला नाही. सेगोव्हियांनी ही हकीकत आत्मचरित्रात कृतज्ञतेने नमूद केली आहे. १९१२ साली तयार झालेली ती गिटार पंचवीस वर्षे त्यांच्या सोबतीला होती. आज ती न्यूयॉर्क शहरातील एका मोठ्या वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

माद्रिदनंतर सेगोव्हिया बार्सिलोना येथे गेले. तेथे तारेगाचा श्रेष्ठ शिष्य मिगेल ल्योबेट राहत असे. त्याच्याकडून तारेगाच्या परंपरेतील पुष्कळ बारकावे त्यांना मिळाले. बार्सिलोनात सुमारे दोन हजार श्रोते बसतील असे एक भव्य संगीतगृह आहे. गिटारसारखे मंद आवाजाचे वाद्य तेथे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ध्वनिवर्धकाचा उपयोग त्या काळी नव्हता. सेगोव्हियांनी ते संगीतगृह पाहिले, तेथील प्रतिध्वनी पारखला आणि १९१६ साली तेथेच कार्यक्रम केला. आवाज मोठा नव्हता. पण तो स्वच्छ होता आणि श्रोते शांत होते, म्हणून तो शेवटच्या माणसाच्या कानी पोहोचला. पुढे जन्मभर त्यांनी हाच परिपाठ ठेवला. रंगमंचावर येऊन बसल्यावर सभागृह पुरते शांत होईपर्यंत ते तार छेडीत नसत. वाद्याने ओरडावयाचे नाही, श्रोत्यांनी कान द्यावयाचा, ही शिस्त त्यांनी श्रोत्यांना लावली.

तथापि कार्यक्रम वाढू लागले, तसतशी एक मोठी उणीव त्यांना जाणवू लागली. गिटारवर वाजवावयाचे काय? ही उणीव समजण्यासाठी पाश्चात्त्य संगीताची एक रीत ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडे गायक किंवा वादक राग मांडताना त्याचा विस्तार त्याच वेळी स्वतःच्या प्रतिभेने करीत जातो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात बहुधा असे होत नाही. तेथे रचनाकार संपूर्ण रचना स्वरलेखनात लिहून ठेवतो आणि वादक ती लिहिल्याप्रमाणे वाजवितो. पियानोसाठी आणि व्हायोलिनसाठी थोर रचनाकारांनी शेकडो रचना लिहून ठेवल्या होत्या. गिटारसाठी मात्र जे काही होते, ते बहुतेक गिटारवादकांनीच लिहिलेले होते. एखादे घर कितीही चांगले असले, तरी कोठारात धान्य नसेल तर तेथे पाहुण्यांचे आदरातिथ्य कसे व्हावे? गिटारची अवस्था तशी होती.

जुन्या रचना घोळून घोळून वाजविल्या असत्या, तरी सेगोव्हियांना कीर्ती मिळाली असती. परंतु त्यांच्या जाण्याबरोबर गिटार पुन्हा खानावळीत परतली असती. म्हणून त्यांनी निराळा निश्चय केला. जे रचनाकार आज हयात आहेत, ज्यांची प्रतिभा आज बहरात आहे, त्यांनाच गिटारसाठी लिहावयास प्रवृत्त करावयाचे. हा निश्चय अवघड होता. हे रचनाकार गिटार वाजविणारे नव्हते. सहा तारांवर कोणते सूर एका वेळी उमटू शकतात, डाव्या हाताची चार बोटे किती अंतर गाठू शकतात, याची त्यांना कल्पना नव्हती. शिवाय अशा वाद्यासाठी श्रम घेण्यात आपला मान तो काय, अशी शंकाही कित्येकांच्या मनात असे. सेगोव्हिया त्यांच्या भेटी घेत, त्यांना वाजवून दाखवीत, पत्रे लिहीत आणि वाद्याची शक्ती व मर्यादा समजावून देत.

या हाकेला पहिला प्रतिसाद दिला तो माद्रिदच्या फेदेरिको मोरेनो तोर्रोबा यांनी. तोर्रोबा हे सेगोव्हियांच्याच पिढीचे. १९२० च्या सुमारास त्यांनी एक लहानसे नृत्यगीत गिटारसाठी लिहिले. स्वतः गिटारवादक नसलेल्या रचनाकाराने सेगोव्हियांसाठी लिहिलेली ही पहिली रचना होय. कागदाच्या दोन-तीन पानांवर मावणारी ती रचना. पण तिने बंद असलेले दार उघडले. तोर्रोबा पुढे जन्मभर गिटारसाठी लिहीत राहिले. उतारवयात त्यांनी स्पेनमधील किल्ल्यांची नावे दिलेल्या छोट्या छोट्या रचनांची एक मालाच गुंफली. गडकिल्ल्यांच्या मुलखात वाढलेल्या मुलांना ती कल्पना निश्चितच आवडेल. या मालेतील रचनाही सेगोव्हियांनी वाजविल्या व ध्वनिमुद्रित केल्या.

सेव्हिल शहरचे होआकिन तुरिना हे दुसरे रचनाकार. त्यांनी १९२३ साली आपल्या जन्मगावाचे वातावरण रंगविणारी एक रचना सेगोव्हियांसाठी लिहिली आणि त्यानंतर दोन वर्षांनी आंदालुसियातील एका लोकनृत्यावर आधारलेली दुसरी रचना त्यांना अर्पण केली. ही रचना आजही जगभरचे गिटारवादक आवडीने वाजवितात. स्पेनचे अग्रगण्य रचनाकार मान्युएल दे फाया यांनी १९२० साली गिटारसाठी एकच रचना लिहिली. फ्रेंच रचनाकार देब्युसी यांच्या स्मरणार्थ लिहिलेली ती रचना वस्तुतः ल्योबेट यांच्या आग्रहावरून झाली होती. तिचा प्रसार करण्यात सेगोव्हिया मागे राहिले नाहीत. एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. या सर्व रचनाकारांनी स्पेनच्या लोकगीतांचा व लोकनृत्यांचा गाभा घेतला होता. खेडुतांनी शतकानुशतके जपलेला सूर आता सुसंस्कृत रचनेचे रूप घेऊन जगापुढे येत होता. गिटारने खानावळ सोडली; पण मातीशी नाते तोडले नाही.

१९२४ च्या एप्रिल महिन्यात सेगोव्हिया पॅरिस येथे वाजविण्यास गेले. त्या वेळी पॅरिस हे युरोपातील कलावंतांचे माहेरघर होते. श्रोत्यांत फाया यांच्यासारखे थोर रचनाकार बसले होते. कार्यक्रम इतका यशस्वी झाला, की फ्रान्समधील आल्बेर रूसेल यांनी एक रचना लिहून तिला सेगोव्हिया हेच नाव दिले. मेक्सिकोचे मान्युएल पोन्से, ब्राझीलचे एतोर व्हिला-लोबोस, इटलीचे मारिओ कास्तेल्नुओव्हो-तेदेस्को अशा निरनिराळ्या देशांतील रचनाकारांनी मग गिटारसाठी लेखणी उचलली. व्हिला-लोबोस यांनी तर बारा अभ्यासरचनांचा संच लिहून सेगोव्हियांना अर्पण केला. १९२८ च्या जानेवारीत सेगोव्हियांनी न्यूयॉर्क येथे पहिला कार्यक्रम केला. त्याआधी दक्षिण अमेरिकेत आणि रशियातही त्यांचे दौरे झाले होते. स्पेनचे नवे संगीत त्यांच्या सहा तारांवरून समुद्रापार गेले.

नव्याचा पुरस्कार करणाऱ्या सेगोव्हियांनी जुन्याकडे पाठ फिरविली नाही. जर्मन रचनाकार बाख यांनी व्हायोलिनसाठी लिहिलेली एक दीर्घ व अवघड रचना त्यांनी गिटारवर बसविली आणि १९३५ साली पॅरिस येथे वाजविली. एकट्या गिटारने एवढा भार कसा पेलावा, याविषयी पुष्कळांना शंका होती. वादन ऐकल्यावर ती राहिली नाही.

असे सर्व सुरळीत चालले असता १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. भाऊ भावावर शस्त्र उगारू लागला. सेगोव्हियांना बार्सिलोनातील आपले राहते घर सोडून देशाबाहेर जावे लागले. त्या घरातील संग्रह व चीजवस्तू त्यांच्या माघारी लुटल्या गेल्या. पुढे कित्येक वर्षे दक्षिण अमेरिकेतील मोंतेव्हिदेओ हे शहर त्यांचे निवासस्थान झाले. घर गेले, संग्रह गेला, मायदेश दुरावला. परंतु गिटार सोबत होती आणि काम थांबले नाही. इटलीतील ज्यू लोकांवर त्या सुमारास संकट कोसळले होते. स्वतः ज्यू असलेल्या कास्तेल्नुओव्हो-तेदेस्को यांनाही १९३९ साली देश सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी पूर्ण केलेली, गिटार व वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली मोठी रचना सेगोव्हियांनी मोंतेव्हिदेओ येथे प्रथम सादर केली. दोन वर्षांनी पोन्से यांची तशीच एक रचना तेथे सादर झाली आणि त्या वेळी वाद्यवृंदाचे संचालन स्वतः पोन्से यांनी केले. अनेक वाद्यांच्या मेळ्यात एकटी गिटार आपला सूर राखू शकते, हे या रचनांनी सिद्ध केले.

याच काळात एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. त्या वेळी गिटारच्या वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्यापासून बनविलेल्या तातीच्या असत. दमट हवेने त्यांचा सूर उतरे आणि ऐन कार्यक्रमात त्या तुटत. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवण्यासाठी ताती लागू लागल्या आणि वादकांना त्या मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टीन या वाद्यकाराने नायलॉनच्या तारा तयार करण्याचा उद्योग आरंभिला. सेगोव्हियांनी त्या तारा पारखल्या, त्यांतील दोष सांगितले व त्याला उत्तेजन दिले. आज बहुतेक अभिजात गिटारवर नायलॉनच्या तारा असतात. त्या स्वस्त व टिकाऊ असल्यामुळे सामान्य घरातील मुलालाही हे वाद्य शिकणे सुलभ झाले.

स्पेनच्या नव्या संगीताचा विचार करताना होआकिन रोद्रिगो यांचे नाव विसरून चालणार नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षी घटसर्पाच्या आजारामुळे त्यांची दृष्टी गेली. तरीही ते संगीतात पारंगत झाले. ब्रेल लिपीत ते आपल्या रचना लिहीत व नंतर दुसऱ्याकडून त्यांचे नेहमीचे स्वरलेखन करून घेत. ते स्वतः गिटार वाजवीत नसत. पण गिटार व वाद्यवृंद यांच्यासाठी त्यांनी लिहिलेली आरांहुएसच्या राजोद्यानावरील रचना जगप्रसिद्ध झाली. १९४० साली ती प्रथम बार्सिलोना येथे वाजविली गेली. ती वाजविण्याचा मान सेगोव्हियांना नव्हे, तर रेहिनो साइन्स दे ला मासा या दुसऱ्या स्पॅनिश वादकाला मिळाला. एका माणसाने लावलेल्या रोपाला आता इतरही हात पाणी घालू लागले होते. पुढे १९५४ साली रोद्रिगो यांनी खास सेगोव्हियांसाठी आणखी एक रचना लिहिली. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश गिटारवादकाच्या सुरावटींवर ती आधारलेली आहे. १९५८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे सेगोव्हियांनी ती प्रथम सादर केली.

थोर माणसांनाही मर्यादा असतात, आणि त्या सांगितल्याने त्यांचे थोरपण कमी होत नाही. सेगोव्हियांची आवडनिवड फार कडक होती. ज्या नव्या संगीतात त्यांना माधुर्य वाटत नसे, ते संगीत ते वाजवीत नसत. स्वित्झर्लंडचे रचनाकार फ्रँक मार्टिन यांनी १९३३ साली मोठ्या आशेने लिहिलेल्या चार छोट्या रचना त्यांनी बाजूला ठेवल्या. पुढील पिढीच्या वादकांनी त्या उचलल्या आणि आज त्यांना मानाचे स्थान आहे. विजेवर चालणारी गिटार तर त्यांना मुळीच मान्य नव्हती. जगातील तरुण मात्र त्या गिटारच्या मागे धावले. सेगोव्हियांनी गिटारची एक वाट बांधली. पण गिटारच्या सर्व वाटा त्यांनी ठरवून दिलेल्या नव्हत्या.

पन्नाशी उलटल्यानंतर त्यांनी अध्यापनाकडे विशेष लक्ष दिले. इटलीतील सिएना येथे व स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे उन्हाळ्यात त्यांचे वर्ग भरत. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येत. व्हेनेझुएलातील एका खेड्यातून आलेले आलिरिओ दियास आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन विल्यम्स हे त्यांचे शिष्य पुढे जगद्विख्यात झाले. ज्या वाद्यासाठी लहानपणी त्यांना गुरू मिळाला नव्हता, ते वाद्य आता जगातील अनेक संगीत विद्यालयांत रीतसर शिकविले जाऊ लागले. एकाकी मुलाची उणीव त्या मुलानेच मोठेपणी इतरांसाठी भरून काढली.

सन्मान पुष्कळ मिळाले. १९८१ साली स्पेनच्या राजाने त्यांना सालोब्रेन्याचे मार्क्विस ही सरदारकीची पदवी दिली. खाणीच्या गावात जन्मलेला मुलगा सरदार झाला. तरीही नित्याचा रियाज त्यांनी सोडला नाही. नव्वदी ओलांडल्यावरही ते प्रवास करीत, वाजवीत आणि शिकवीत. २ जून १९८७ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. आता त्यांच्या अस्थी लिनारेस या त्यांच्या जन्मगावीच विसावल्या आहेत आणि तेथे त्यांचे स्मारक उभे आहे.

वादकाची बोटे थांबली, की त्याचा सूरही थांबतो. ध्वनिमुद्रण झाले असेल, तर त्याची आठवण तेवढी उरते. परंतु सेगोव्हियांच्या मागे याहून अधिक काही उरले. त्यांच्या आग्रहामुळे लिहिल्या गेलेल्या कित्येक रचना आज जगभरच्या विद्यार्थ्यांच्या समोर स्वरलेखनाच्या पानांवर उघड्या असतात. ज्यांनी सेगोव्हियांना कधी पाहिले नाही, ती मुलेही त्या रचनांमधून त्यांच्या परिश्रमांचे फळ चाखतात. कोठार भरले आणि ते एका माणसासाठी भरले नाही.

कर्जतच्या देवळातील एकतारी असो, ठाकरवाडीतील ढोलकी असो, की लिनारेसची गिटार असो, वाद्य आपल्या जागी मूक असते. त्याला मान मिळतो तो त्यावर वाजविल्या जाणाऱ्या संगीताने आणि त्या संगीतासाठी झिजणाऱ्या माणसांनी. एका मुलाने लोकांनी हलके मानलेले वाद्य हाती घेतले, त्यावर निष्ठा ठेवली आणि आपल्या काळातील गुणी माणसांना त्या निष्ठेत सहभागी करून घेतले. म्हणूनच त्या सहा तारांचा नाद आजही जगात घुमत आहे.